हाताशी असलेला तास

कॅनडातल्या टॅमरॅक गावाच्या नगरसभेत पाच माणसं बसतात, आणि त्या पाचांचं कधी एकमत झाल्याचं गावात कुणाला आठवत नाही. मागे कचऱ्याच्या पिंपांना अस्वलांना उघडता येणार नाहीत अशी झाकणं बसवायची की नाही, यावर ही मंडळी दोन महिने भांडली, आणि तेवढ्यात अस्वलांनी पिंपं साफ करून टाकली. त्यामुळे मार्चमधल्या त्या मंगळवारी पत्रिकेवर दोनच विषय आहेत म्हणून कुणी हुरळून गेलं नाही. पहिला विषय, दर वर्षी घड्याळं तासभर पुढे आणि मग तासभर मागे करणं गावाने सोडून द्यावं का. दुसरा, विमानतळाची धावपट्टी वाढवून तिला दिवे लावायचं काम कुणाला द्यावं.

दोन्ही विषय आणले होते आयली कोस्केलाने. शाळेची बस चालवून निवृत्त झालेली, सत्तरीला टेकलेली बाई. निम्म्या गावाला तिने लहानपणी "खाली बस!" म्हणून दम दिलेला असल्यामुळे तिच्या पुढ्यात मोठी माणसंसुद्धा जरा सावरून बसत. पहिल्या विषयावर ती बोलणार होती. दुसऱ्यावर मात्र तिला तोंड उघडायची सोय नव्हती, कारण सगळ्यात कमी रकमेचं टेंडर तिच्या मुलाचं, ताउनोचं होतं; तो रस्त्यांची आणि बर्फ काढायची कामं घेई. घरच्या माणसाचा फायदा असेल तिथे सदस्याने बोलायचं नाही, मत द्यायचं नाही, आणि टॅमरॅकच्या रिवाजाप्रमाणे उठून बाहेर कोट टांगायच्या बोळात जाऊन बसायचं.

"टेंडर भरण्याआधी मला विचारायचं नाही का?" तिने जानेवारीत त्याला झापलं होतं.

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस. आणि आई, बाबांच्या धावपट्टीचं काम विनिपेगची माणसं येऊन करणार? मी इथे जिवंत असताना?"

तिचा नवरा आयनो गेल्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून ती या धावपट्टीसाठी अर्ज-विनंत्या करत फिरली होती. सरकारी अनुदान मिळालं होतं, ते महिनाअखेर वापरात आलं नाही तर परत जाणार होतं. आणि ऐन वेळी तिचंच मत बाद झालं होतं. उरलेल्या चौघांत नगराध्यक्ष ओरेस्त बिलिक आणि मार्लीन बाजूने होते, हार्डवेअरवाला ड्वाइट आणि म्हातारा रेजाँ विरुद्ध. मतं समसमान पडली की ठराव पडतो. हे गणित गावातल्या पोराटोरांनाही पाठ झालं होतं.

सभेच्या दिवशी दुपारी जेवायला आला तेव्हा ताउनोचे हात ग्रीसने काळे झाले होते. "मोठा ग्रेडर उघडून साफ केला," रस्ता सपाट करायच्या आपल्या यंत्राबद्दल तो म्हणाला होता. "आता नव्यासारखा चालतोय. काम मिळालं की बर्फ वितळल्या दिवशी सुरू." तिने त्याच्या ताटात आणखी एक बटाटा वाढला आणि विषय बदलला.

सभा सुरू झाली. ताउनो मागच्या रांगेत टोपी मांडीवर ठेवून बसला होता.

"घड्याळाला हात लावू नका," ड्वाइट म्हणाला. "उन्हाळ्यात संध्याकाळी उजेड असतो म्हणून लोक दुकानात येतात. आणि थंडर बेच्या इस्पितळाचं घड्याळ एक नि आपलं दुसरं? डॉक्टरकडे जायचं कुठल्या वेळेने?"

"माझ्या कुत्र्यांना दर वर्षी कोण समजावतं?" मार्लीन म्हणाली. "त्यांना भूक लागायची तेव्हाच लागते."

"कुत्र्यांना मत नाही, मार्लीन," नगराध्यक्ष म्हणाले.

"ड्वाइटला आहे ना!"

लोक खो खो हसले. रेजाँ हसला नाही. तो खाली मान घालून पेन्सिलीला टोक काढत होता, आणि टोक तर मघाशीच झालं होतं. विमानतळावरच्या लाकडी खोपटाची किल्ली अठरा वर्षं या रेजाँकडे होती. दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात त्याने ती परत केली, आणि का केली हे कुणी विचारलं नाही.

आयली उभी राहिली. तिने कागद आणला होता, पण तो घडी घालूनच ठेवला.

"आयनो गेला तो रविवार तुम्हाला ठाऊक आहे," ती म्हणाली. "सकाळीच घड्याळं मागे केली होती. दुपारी त्याच्या छातीत कळ आली. इस्पितळात न्यायला विमान बोलावलं. आपल्या पट्टीला दिवे नाहीत, सूर्य असेतोवरच उतरता येतं. मावळतीच्या वेळांचा तक्ता खोपटात भिंतीवर असतो. घड्याळ मागे केलं गेलं, पण तक्त्याचं पान उलटायचं राहिलं, आणि ऑक्टोबरची, म्हणजे घड्याळ पुढे असतानाची वेळ वाचली गेली. अजून तासभर उजेड आहे, असं विमानवाल्यांना कळवलं गेलं. तास हाताशी आहे म्हणून त्यांनी आधी वाटेतल्या गावची अडलेली बाळंतीण इस्पितळात पोचवली. ती बाई आणि तिचं मूल सुखरूप आहेत. मला त्याचा आनंद आहे, अगदी खरं सांगते."

पेन्सिलीचा आवाज थांबला होता.

"पुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही. विमान आलं होतं. आम्ही पट्टीच्या कडेला अँब्युलन्समध्ये होतो. आवाज आला तसा आयनोने माझा हात दाबला. म्हणाला, आलं बघ. विमानाने दोन घिरट्या घातल्या. खाली मिट्ट काळोख, ते बिचारे उतरणार कुठे? आवाज लांब जायला लागला. आयनो म्हणाला, वळून येतंय. मी म्हटलं, हो, वळून येतंय."

तिने कागदाची घडी पुन्हा दाबून घेतली. "मग थंडर बेला गाडीनेच निघालो, हायवेवर अर्ध्या वाटेत तो गेला. चूक माणसाच्या हातून होते. ती करायची संधी वर्षातून दोनदा कशाला द्यायची, एवढंच माझं म्हणणं आहे."

कुणाचंही नाव न घेता ती खाली बसली. नाव घ्यायची गरजच नव्हती, सगळं गाव टेबलाकडे बघत होतं, म्हणजे रेजाँकडे न बघण्याचा आटापिटा करत होतं. आयलीला त्याची कीव आली. चीडही आली. दोन वर्षं ही दोन्ही तिच्या घरात एकत्रच नांदत होती.

मतदान झालं. तिचा आणि मार्लीनचा हात वर गेला. नगराध्यक्षांनी इस्पितळाच्या वेळेचं कारण सांगून माफी मागितली आणि हात खालीच ठेवला. रेजाँने पेन्सिल घट्ट धरून ठेवली, हात काही उचलला नाही. ठराव पडला. येत्या रविवारी टॅमरॅकची घड्याळं पुढे जाणार होती.

"दुसरा विषय," सचिवबाई म्हणाल्या. आयली उठली आणि बोळात जाऊन बाकावर बसली.

बोळात ओल्या लोकरीचा आणि बुटांचा वास भरला होता. दार पातळ, सगळं ऐकू येत होतं. ड्वाइट आइस हॉकीच्या रिंकचं छप्पर घेऊन बसला होता. विमान येतं कधीमधी, रिंकवर पोरं रोज येतात, छप्पर गळतंय त्याचं काय? मार्लीन त्याच्यावर तुटून पडली. मग नगराध्यक्षांचा आवाज आला, "रेजाँ, तुझं काय?"

"माझं मत सगळ्यांना ठाऊक आहे," रेजाँ म्हणाला. पाच महिने तो एकच पालुपद लावून होता, गाव कर्जात बुडेल.

दोन आणि दोन. नगराध्यक्षांनी मतदानाआधी दहा मिनिटं कॉफीला सोडलं, दुसरं ते तरी काय करणार.

ताउनो बाहेर येऊन तिच्या शेजारी बसला. त्याचे डोळे लाल झाले होते.

"मला का नाही सांगितलंस? विमानाचं?"

"तू तेव्हा खाणीवर कामाला होतास. काय केलं असतंस? रडला असतास."

"मग रडलो असतो!" तो जरा मोठ्यानेच म्हणाला. मग आवाज उतरवून, "आई, मी जर—"

"ताउनो, त्या विषयावर एक अक्षर नाही. मी सदस्य आहे आणि तू ठेकेदार. इथे बसून आपण त्यावर बोललो तर उद्या गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही."

आयलीच्या ओठांवर एक वाक्य आलं होतं, टेंडर मागे घे. लगेच त्याच्या पाठीवर दुसरं, घेऊ नकोस रे, तुझ्या बापाची पट्टी तूच कर. दोन्ही अगदी मनापासूनची होती. तिने ती दोन्ही गिळली आणि समोरच्या कोटांकडे बघत राहिली. आपल्या पोटच्या पोराशी आपण सरकारी माणसासारखं बोलतो आहोत याचं तिला रडू येत होतं.

"शनिवारी वाफेच्या अंघोळीला सौना तापवू?" ताउनोने विचारलं.

"तापव. अंगावर मारायच्या बर्चच्या डहाळ्या फ्रीझरमध्ये आहेत."

त्याने तिच्या गुडघ्यावर थोपटलं आणि आत गेला.

मग दारातून त्याचा आवाज आला, बसचं भाडं सांगावं इतका साधा. "अध्यक्ष, मला एक सांगायचंय. माझा मोठा ग्रेडर बसलाय. गिअरबॉक्स गेलाय. मुदतीत काम होणार नाही. मी टेंडर मागे घेतो."

"अरे, अनामत जप्त होईल तुझी," नगराध्यक्ष म्हणाले. "आहे ना लक्षात?"

"आहे."

आयलीने डोळे मिटून घेतले. थोड्या वेळाने सचिवबाई दार उघडून म्हणाल्या, "तुम्हाला आत बोलावलंय. आता तुमची अडचण राहिली नाही."

ठराव दुरुस्त झाला होता. पुढचं कमी रकमेचं टेंडर विनिपेगच्या कंपनीचं, काम तिला द्यावं, दिव्यांसकट. बाजूने कोण? आयलीने हात वर केला. आपल्याच मुलाच्या हातचं काम परक्याला देताना तो हात तिला जड झाला, पण तिने तो खाली येऊ दिला नाही. मार्लीनचा हात वर गेला, नगराध्यक्षांचा गेला. आणि मग टेबलाच्या टोकाला, पेन्सिलीसकट, रेजाँचा हात वर गेला.

"चार," सचिवबाई म्हणाल्या.

ड्वाइटने खुर्ची मागे सरकवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आयली मात्र तिथल्या तिथे हिशेब करून बसली होती. तिचा हात नसता तरी तीन होते. ती बाहेर बाकावर बसून राहिली असती, ताउनो काहीच बोलला नसता, तरी धावपट्टी झाली असती, आणि ती त्यानेच केली असती. तिने वळून पाहिलं. ताउनोही रेजाँच्या हाताकडेच बघत होता.

कोट घेताना रेजाँ तिच्याजवळ आला.

"दोन वर्षं तुझ्या दारावरून जातो, आयली. फाटकाला हात लावायची हिंमत होत नाही."

"खिडकीतून दिसतोस मला."

"मघाशी घड्याळाच्या वेळी हात उचललाच गेला नाही. सगळे बघत होते. पण तू बोलत होतीस तेव्हाच मनाशी ठरवलं, दिव्यांना हात वर करायचाच, तोंडाने सांगायचं धाडस मात्र झालं नाही. आज तू बाहेर असतीस ना, तरी केला असता." त्याच्या चेहऱ्यावर, किती दिवसांनी, जरा हलकं झाल्यासारखं दिसत होतं. मग तो ताउनोकडे वळला. "तुझ्या ग्रेडरचं फार वाईट झालं रे. तू केली असतीस पट्टी, तर मला जास्त बरं वाटलं असतं."

"मशीनच ते, रेजाँकाका. ऐन वेळी दगा देतं."

आयलीने काही बोलायला तोंड उघडलं. ताउनोने तिचा कोट तिच्या खांद्यावर टाकला आणि खांदा दाबला.

बाहेर बर्फ पडायला लागला होता. गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "त्याला कधी सांगू नकोस, आई. त्या माणसाला एक ओझं पुरे आहे."

"आणि सकाळी रस्त्यांवरचा बर्फ काढायला काय नेशील? सगळं गाव बघेल, ग्रेडर धडधाकट आहे म्हणून."

"लहान मशीन नेईन."

"त्याने दुप्पट वेळ लागेल. असं किती दिवस करणार?"

"उन्हाळ्यापर्यंत. मग म्हणेन, दुरुस्त झाला." त्याने गाडी सुरू केली. "दिवे लागतील ना? झालं तर मग."

सकाळी आयलीला जाग आली ती लहान मशीनच्या घरघरीने. ते रस्त्यावरून जात होतं, वळत होतं, पुन्हा येत होतं. मोठ्या ग्रेडरने एका फेरीत झालं असतं. तिने पडदा बाजूला केला. फाटक उघडं होतं आणि रेजाँ फावड्याने तिच्या पायवाटेवरचा बर्फ बाजूला करत होता.

तिने कॉफीचा मग नेऊन त्याच्या हातात दिला. दोघं पायरीशी उभे राहिले. रस्त्याच्या टोकाला ताउनो थंडीत मान खांद्यांत घालून पुन्हा मशीन वळवत होता.

"बिचाऱ्याची दुपार होईल त्या खेळण्यावर," रेजाँ हळहळत म्हणाला. "खरंच का गं एवढा बिघडलाय तो ग्रेडर?"

आयलीने वळून येणाऱ्या मशीनकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "गिअरबॉक्स गेलाय."