हात सोडलेली पेशी

मित्रांनो, मी एक जुनी पेशी आहे. दिग्रसच्या बाबारावांच्या गळ्यात, जिथे आवाज तयार होतो त्या जागी माझा जन्म झाला. खरे तर पेशीने जुने होऊच नये. शेजारणींचे हात घट्ट धरून उभे राहायचे आणि खालून नवी आली की निमूटपणे गळून पडायचे, ही आमची रीत.

बाबाराव कापसाच्या जिनिंगमध्ये, सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, कामाला होते. बुद्धविहारात वंदना तेच सांगत. त्यांनी पहिला शब्द उचलला की आम्ही सगळ्या थरथरून जायचो. लेक मैत्रेयी लहान होती तेव्हाच त्यांनी तिला सांगून ठेवले होते, "तुह्या लग्नात जयमंगल अष्टगाथा मीच म्हणीन."

पण सकाळी बिडी आणि दिवसभर तंबाखू-सुपारीचा खर्रा. वर्षानुवर्षे तो धूर आणि तो रस सोसता सोसता माझ्या पोटातली शिकवण बिघडली. गळून कधी पडायचे, हेच मी विसरले. माझ्या दोन झाल्या, दोनाच्या चार. बाबारावांचा आवाज बसला.

जिनिंगमध्ये रुईचे तंतू सतत उडत असतात. घसा साफ राहावा म्हणून तिथली माणसे गूळ खातात. मुकादम वामनराव म्हणाले, "रुई बसली असन घशात. गुळाचा खडा ठेव तोंडात." बाबारावांनी ठेवला. खडा विरघळला, मी विरघळले नाही.

ती कापसाची पडती वर्षे. माल कमी यायचा, जिनिंग होळीआधीच बंद पडायची. चार दिवस खाडा केला तर मुकादम दुसरा माणूस लावी. बाबारावांची बायको इंदूबाई मागे लागली, "यवतमाळले जाऊन दाखवा ना एकडाव."

"दुखत तं नाही. कायले जाऊ? हंगाम सरू दे."

दुखत नव्हते, हेच वाईट झाले. दुखणे हत्तीच्या पायाने येते म्हणतात, पण आम्ही मुंगीच्या पायाने आलो होतो.

हंगाम सरेपर्यंत मी पार बदलले. आधी शेजारणींचे हात सुटले. मी एका जागी बसणारी, चपटी. ती मी लांबट झाले, सरकू लागले, पायाखालची भिंत पोखरून पलीकडे गेले. मानेत पोचल्यावर आम्ही पुन्हा एकमेकींना धरले आणि संसार थाटला. त्याची गाठ झाली. तिथूनही निसटून मी रक्तात पडले. बरोबरच्या बहुतेक वाटेतच मेल्या. मी फुप्फुसात जाऊन लपले आणि झोपून राहिले.

गाठ दिसली तेव्हा बाबाराव दवाखान्यात गेले. तिथे त्यांना किरणांचे शेक दिले, औषधे दिली. गळ्यातल्या आणि मानेतल्या माझ्या बहिणी मेल्या. शेक छातीपर्यंत पोचला नाही, आणि झोपलेल्या पेशीला औषधही फारसे लागत नाही. बाबारावांचा आवाज परत आला, थोडा घोगरा. इंदूबाईने विहारात खीर वाटली. त्या खिरीची आठवण आली की मला फार वाईट वाटते.

मैत्रेयीचे लग्न ठरले, तोवर मी जागी झाले होते. मांडवात बाबाराव अष्टगाथा म्हणायला उभे राहिले. आवाज होता, पण दम पुरला नाही. पहिल्याच ओळीत ते थांबले आणि छाती धरून खाली बसले.

"बसा बाबा तुम्ही," मैत्रेयी म्हणाली. मग नवरीनेच स्वतःच्या लग्नाची अष्टगाथा म्हटली. इंदूबाई पदर तोंडाला लावून ऐकत राहिली.

आता बाबाराव खाटेवर असतात. मला थांबता येत नाही, मागे फिरता येत नाही. ते गेले की मीही जाणार, एवढेच मला कळते.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाचा आवाज बसला आणि काही आठवडे उलटूनही सुटला नाही, तर गुळावर भागवू नका. मानेतली गाठ दुखत नाही म्हणून हसण्यावारी नेऊ नका. आम्ही एकमेकींचे हात धरून एका जागी उभ्या असतो, तोवर आम्हांला काढून टाकणे सोपे असते. कुणीतरी त्या वेळी यायला हवे होते.

पूर्वी बाबारावांचा आवाज माझ्या अंगावरून जायचा. आता नुसता श्वास जातो, आणि तोही अर्धाच.