माझा चाप कुणीच ओढला नव्हता

मी एक जुनी रायफल आहे. घाबरू नका मित्रांनो, माझा बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा, काढून घेतला आहे, नळीच्या मुळाशी लोखंडाचा तुकडा घट्ट बसवला आहे, आणि आता माझ्या हातून माशीसुद्धा मरायची नाही. तरीही या वर्गात येणारा प्रत्येक जण माझ्यासमोरून जाताना जरा अंग चोरून जातो. भिंतीवरच्या घड्याळाखालून कुणी असं चालत नाही. मला आता याची सवय झाली आहे, असं मी स्वतःची समजूत घालते. पण खरं सांगायचं तर झालेली नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पोलादाच्या एका कांबीला आरपार भोक पाडलं, तिच्या आतून वळणावळणाच्या खाचा कापल्या आणि माझी नळी तयार झाली. सुतारकामाच्या विभागात मला लाकडी दस्ता मिळाला. शेवटी तपासणीच्या टेबलावर चष्मा लावलेल्या एका बाईंनी मला उचलून खिडकीकडे धरलं आणि एक डोळा मिटून माझ्या नळीतून बाहेर पाहिलं. "वा! आरशासारखी आहे," त्या म्हणाल्या. मी हरखून गेले. मग त्यांनी मला बाजूला ठेवून पुढची रायफल उचलली. तीही आरशासारखीच निघाली. मी जरा हिरमुसले.

तिथून मी पहारेकऱ्यांच्या एका प्रशिक्षण केंद्रात आले. पूल, धरणं, सरकारी कचेऱ्या यांच्यावर पहारा द्यायला जी माणसं जातात, ती आधी इथे शिकून तयार होतात. म्हणजे मी कधी लढाईवर गेले नाही. माझ्या साऱ्या गोळ्या मैदानाच्या टोकाला उभ्या केलेल्या फळ्यांवरच्या कागदात शिरल्या. शस्त्रागारात आम्ही रायफली भिंतीशी ओळीने उभ्या असायचो आणि आमच्या सगळ्यांमधून एकच साखळी ओवलेली असायची. इतक्या जणी खेटून उभ्या, पण एकमेकींशी एक शब्द नाही. दार उघडलं की जरा उजेड दिसायचा, माझा नंबर पुकारला जायचा, आणि मला वाटायचं, चला, आज कुणीतरी आपल्याला हातात घेणार!

किती हात माझ्यावरून गेले! कुणाचे घामेजलेले, कुणाचे थरथरणारे. एक जण गोळी झाडण्याआधी माझ्या कानात "सांभाळून घे गं बाई" म्हणायचा, आणि नेम चुकला की मलाच शिव्या द्यायचा. एक मुलगी मला घेऊन स्पर्धेत पहिली आली. फोटो काढताना तिने मला छातीशी धरलं होतं. तो दिवस मी कधी विसरले नाही. पुढे शिक्षण संपवून ती गेली, आणि जाताना शस्त्रागाराकडे फिरकलीही नाही. तिला तरी का दोष द्यावा? निरोप घ्यायला माणसं माणसांकडे जातात, रायफलींकडे नाही.

आता ज्या दिवसासाठी मी तुमच्याशी बोलायला बसले आहे, त्या दिवसाकडे येते.

केंद्रात एक पद्धत होती. सरावासाठी वर्षभराची काडतुसं ठरलेली असत. वर्ष संपताना ती उरली, तर पुढच्या वर्षी कमी मिळत. त्यामुळे वर्षअखेरीला उरलेली सगळी काडतुसं उडवून टाकायची घाई व्हायची. दुसरी गोष्ट म्हणजे रायफल मैदानावर गेली की परत आल्यावर ती खोलून, पुसून, तेल देऊन ठेवावी लागते. ते काम कुणालाच आवडत नसे. म्हणून त्या वर्षी आमच्या उस्तादांनी, म्हणजे नेमबाजी शिकवणाऱ्या शिक्षकांनी, एक सोय काढली. "सगळ्या रायफली कशाला बाहेर काढायच्या? चारच काढा. आळीपाळीने त्यांच्यावरच सगळे सराव करा. संध्याकाळी साफ करायचा ताप वाचेल," ते म्हणाले. सगळ्यांना आनंद झाला. त्या चौघींमध्ये मी होते, त्यामुळे मलाही झाला.

सकाळपासून आमच्याकडून मारा सुरू झाला. एक जण उठला की दुसरा आडवा पडायचा, पण मी तीच. काडतुसांचं एक मॅगझीन रिकामं होतं न होतं तोच दुसरं लागायचं. माझी नळी तापत गेली. आधी ऊब आली, मग चटका, मग तर नळीवरची हवाच हलताना दिसू लागली. नेम धरणाऱ्यांना समोरचा कागद डुगडुगताना दिसे. दस्त्याच्या पुढच्या टोकाला लाकूड करपल्याचा वास येत होता. एकाने "उस्ताद, हात भाजतोय" म्हटलं, तेव्हा उस्ताद म्हणाले, "रुमाल गुंडाळ की रे! एवढंसं काय नाजूकपण?" मी बोलू शकत असते तर म्हणाले असते, मला जरा श्वास घेऊ द्या. पण माझं बोलणं म्हणजे एकच आवाज, आणि तो तर सगळे सकाळपासून ऐकत होते.

शेवटी माझ्यामागे आली बारकी. ती शिकायला आलेल्या मुलींत सगळ्यात लहानखुरी. गणवेश तिच्या अंगावर दोरीवर वाळत घातल्यासारखा दिसायचा, म्हणून सगळे तिला बारकी म्हणत. तिने मन लावून गोळ्या झाडल्या. मॅगझीन निम्मं झालं असेल, तेवढ्यात शिट्टी वाजली. समोरचे कागद भोकांनी चाळणी झाले होते आणि त्यांवर ठिगळं लावायची वेळ आली होती.

हे काम खळकाका करायचे. खळीचा डबा आणि कागदाचे तुकडे घेऊन ते फळ्यांपर्यंत चालत जायचे आणि भोकं बुजवायचे. ते पुढे जाण्याआधी प्रत्येक रायफल रिकामी करायची, बोल्ट उघडा ठेवायचा आणि उस्तादांनी एकेक नळी डोळ्यांनी बघायची, असा नियम होता. पण त्या दिवशी घाई होती, आणि चहाची किटलीही नेमकी तेव्हाच आली. "लॉक लावा आणि तशाच खाली ठेवा. परत तेच तर करायचंय," उस्ताद ओरडले.

बारकीने लॉक लावलं. मला वाळूच्या पिशवीवर टेकवलं. ती बाजूला बसली आणि सुटलेली बुटाची नाडी बांधू लागली. बाकीचे चहाकडे वळले होते. आणि माझ्या आत, नळीच्या मुळाशी, एक काडतूस बसलेलं होतं.

मित्रांनो, हे नीट समजून घ्या. माझ्यासारख्या रायफलीत एक गोळी सुटली की पुढचं काडतूस आपोआप आत येऊन बसतं. लॉक लावलं तर चाप अडतो, पण नळीतली आग कुठलं लॉक अडवणार? तापलेल्या नळीत बसलेलं काडतूस आतल्या आत भाजत जातं. मला ते जाणवत होतं. खळकाका फळ्यांजवळ पोचलेलेही मला दिसत होते. आणि मी सुटले. चाप कुणीही ओढला नव्हता. बारकीचे दोन्ही हात बुटाच्या नाडीवर होते.

खळकाका खाली कोसळले. गोळी मांडीतून आरपार गेली होती. जीव वाचला, पण पाय कायमचा अधू झाला.

मला एका वेगळ्या खोलीत कुलूपबंद केलं. पुरावा म्हणून. साखळीतल्या त्या मुक्या मैत्रिणीही आता शेजारी नव्हत्या. तिथेच एका टेबलापाशी चौकशी बसली. टेबलावर मी, पलीकडे केंद्राचे मोठे साहेब, कडेला उस्ताद, आणि समोर उभी बारकी. पुराव्यालाच कुणी काही विचारत नव्हतं!

"लॉक लावलं होतंस?" साहेबांनी विचारलं.

"हो साहेब."

"मग गोळी सुटली कशी? रायफल काय मनाने चालते?"

"मी हात लावला नव्हता साहेब. मी नाडी बांधत होते."

"म्हणजे लॉक लावायला विसरलीस, हात लागला, आणि मग घाबरून लॉक लावलंस. असंच ना?"

हाच प्रश्न फिरवून फिरवून कितीदा तरी विचारला गेला. प्रत्येक वेळी बारकीचा आवाज थोडा बसत गेला. मुली तिच्याशी बोलेनाशा झाल्या होत्या, हे तिच्या तोंडूनच मी ऐकलं. ती दवाखान्यात खळकाकांना भेटायला गेली, तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड केलं होतं. रोज तिची थट्टा करणारे खळकाका! मी तिथे तिच्यापासून हातभर अंतरावर पडले होते. खरं काय ते साऱ्या जगात फक्त मलाच ठाऊक आहे असं तेव्हा वाटत होतं, आणि मला तोंड असून बोलता येत नव्हतं. इतकं एकटं मला साखळीतही कधी वाटलं नव्हतं.

आणि मग बारकी जे बोलली, त्याने मी हादरले.

"लागलं असेल साहेब," ती हळूच म्हणाली. "हात जवळच होता. आता मला नीट आठवतही नाही. सगळेच म्हणतात, तर माझंच बोट लागलं असेल."

तिला खरंच तसं वाटू लागलं होतं. तिने सही करायला पेन उचललं. घरी परत जायचं आणि आपण एका माणसाला अधू केलं हे ओझं जन्मभर वाहायचं, एवढंच आता तिच्यापुढे होतं.

"थांब. सही करू नकोस." उस्ताद इतका वेळ आपल्या बुटांकडे बघत होते. आता त्यांनी मान वर केली. "साहेब, पोरीची चूक नाही. रायफली मी कमी काढल्या. भरलेल्या तशाच ठेवा, असंही मीच म्हणालो. नळी भट्टीसारखी तापली की आतलं काडतूस आपोआप उडतं."

"हे तुम्हाला माहीत होतं?"

"दरवर्षी शिकवतो साहेब. पण इतक्या वर्षांत कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. मनात वाटायचं, पुस्तकात आहे, प्रत्यक्षात कशाला होतंय."

साहेबांचा विश्वास बसला नाही. पोरीला वाचवायला उस्ताद स्वतःवर घेताहेत, असं त्यांना वाटलं. "मग दाखवा करून," ते म्हणाले.

सगळ्यांना मैदानावर बोलावलं गेलं. खळकाका दवाखान्यातून नुकतेच आले होते, कुबडी टेकत येऊन ते मागे खुर्चीवर बसले. फळ्यांकडे कुणीही जायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. उस्ताद माझ्यामागे आडवे झाले आणि त्यांनी त्या दिवसासारखाच मारा सुरू केला. मॅगझीनमागून मॅगझीन. मी तापले, धुमसले, दस्ता पुन्हा करपला. मग एक काडतूस आत ठेवून त्यांनी लॉक लावलं, मला पिशव्यांवर टेकवलं आणि ते मागे जाऊन सगळ्यांमध्ये उभे राहिले.

मैदानावर आता पुढे मी एकटी होते.

काहीच झालं नाही. वारा सुटला होता, आणि माझी नळी निवते की काय या भीतीने माझा जीव टांगणीला लागला. आयुष्यात पहिल्यांदाच मला सुटायचं होतं. मागे कुजबुज सुरू झाली. बारकी खाली मान घालून उभी होती. "बस्स झालं," साहेब म्हणाले आणि माझ्या दिशेने पाऊल टाकू लागले. उस्तादांनी त्यांचा दंड धरला. साहेबांचा दंड! "साहेब, पाया पडतो. अजून नाही."

आणि तेव्हाच मी सुटले.

समोरच्या फळीचा एक तुकडा उडाला. साहेब आपला दंड चोळत उभे होते. बारकी मटकन खाली बसली आणि ओंजळीत तोंड लपवून रडू लागली. "मी नव्हते," ती म्हणत होती. "मी नव्हतेच." कुणाला सांगायचं म्हणून नव्हे, स्वतःलाच ती ते पुन्हा पुन्हा सांगत होती.

खळकाका कुबडी सावरत तिच्याजवळ आले. "बारके, मी मेल्याने तुला बांबू म्हणून चिडवलं, त्याचा राग काढलास असं वाटलं गं मला! ऊठ आता. आणि मला धर, नाहीतर मीच पडतो बघ." ती रडता रडता हसली. सगळे त्यांच्याभोवती जमले.

माझ्याजवळ कुणी आलं नाही. येऊ नये, असंच होतं. ते सगळे बारकीला मध्ये घेऊन बोलत, हसत, डोळे पुसत परत गेले, आणि मी ऊन उतरेपर्यंत पिशव्यांवर तशीच पडून राहिले. उस्ताद तेवढे लांबवर उभे होते. मी पूर्ण गार झाल्यावर ते आले, त्यांनी बोल्ट उघडला, आत पाहिलं आणि मला खांद्यावर घेतलं.

त्या दोन दिवसांच्या आगीत माझी नळी कामातून गेली. आतल्या खाचा झिजल्या, गोळी सरळ जाईना. म्हणून मला केंद्राच्याच या वर्गात टांगलं. उस्तादांना शिक्षा झाली, ती त्यांनी मुकाट्याने भोगली. आता सरावाला भरपूर रायफली काढतात, त्यांना आळीपाळीने विसावा देतात, आणि प्रत्येक नळी दोघांनी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय फळ्यांकडे कुणी पाऊल टाकत नाही. बारकी शिक्षण पुरं करून एका धरणावर पहाऱ्याला गेली म्हणे. ती मला भेटायला कधी आली नाही. मी वाट पाहिली, हे मात्र कबूल करते.

मित्रांनो, तुमच्या हाती कधी रायफल येऊच नये, असं मला मनापासून वाटतं. पण तुमच्यातलं कुणी मोठं होऊन पहाऱ्यावर गेलं, तर माझं एवढं ऐका. बाकीच्या जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात की आम्हाला विसरू नका, जवळ घ्या. मलाही तसंच सांगायला आवडलं असतं. पण मला सांगावं लागतं ते उलटं. मला दमू देऊ नका. थांबाल तेव्हा आधी मला रिकामी करा आणि बोल्ट उघडा ठेवा. माझ्या तोंडासमोर कुणालाही पाठवू नका. आणि मी तापलेली असताना आत काडतूस राहिलं असेल अशी नुसती शंका जरी आली, तरी मला एकटीला सोडून सगळे लांब जाऊन उभे राहा. मला वाईट वाटेल. पण तुम्ही सगळे सुखरूप असाल.