आईला बाहेर काढतात

मुलांच्या वॉर्डाची तपासणी करायला आलेल्या बाई स्वतः तीस वर्षं नर्स होत्या. दुपारपर्यंत त्यांनी औषधांची कपाटं, हात धुण्याची जागा, केसपेपर, सगळं पाहिलं. कुठं बोट ठेवायला जागा नव्हती. मोठ्या सिस्टर खुशीत होत्या.

शेवटी बाई एका खाटेशी स्टूल ओढून बसल्या. खाटेवर सात वर्षांची मुलगी होती. महिनाभर तिचा मुक्काम इथंच होता, आणि सगळे तिला बडबडी म्हणत.

"इथं तुला काय आवडत नाही?" बाईंनी विचारलं.

बडबडीनं आधी सिस्टरांकडे पाहिलं.

"सांग की," सिस्टर म्हणाल्या. "एरवी तर तोंडाला कुलूप नसतं."

"सलाईनची सुई लावताना आईला बाहेर काढतात. मग मला वाटतं, ती घरी गेली."

शेजारी उभी असलेली आई खिडकीबाहेर बघू लागली.

सिस्टर हळूच म्हणाल्या, "आया रडतात, बाई. त्यांना बघून लेकरू आणखी बिथरतं आणि आमचाही हात चुकतो."

"मीही तेच म्हणायचे. किती आयांना दाराबाहेर उभं केलं, त्याला गणती नाही. पोरांना मात्र कधी विचारलं नाही."

बडबडीची सुई आजच बदलायची होती. सिस्टर ट्रे घेऊन आल्या, घुटमळल्या, मग आईला म्हणाल्या, "ताई, बसा इथं. हिला मांडीवर घ्या."

मुलगी रडायची ती रडलीच. पहिल्या खेपेला शीर सापडली नाही. आईच्याही डोळ्यांना धार लागली, पण कानाशी काहीबाही पुटपुटत तिनं लेकीला घट्ट धरून ठेवलं. दुसऱ्या खेपेला सुई बसली.

एरवी टोचून झालं की बडबडी भिंतीकडे तोंड करून तासभर गप्प पडून राही. आज ती आईच्या खांद्यावर थोडा वेळ मुसमुसली आणि मग म्हणाली, "तू का रडलीस? तुला कुठं टोचलं?"

आईला रडता रडता हसू फुटलं.

बाई लिहीत होत्या. सिस्टरांनी विचारलं, "गुण जाणार ना आमचे?"

"एक जाईल."

पुढची पाळी एका तान्ह्या बाळाची होती. त्याचे बाबा सवयीनं दाराकडे निघाले होते. सिस्टरांनी त्यांना हाक मारून परत बोलावलं. आधी त्यांना खुर्ची दिली, मग बाळ मांडीवर ठेवलं.