कंबरपट्ट्याची गोळी

मित्रांनो, मी एक जुनं शिकारीचं काडतूस आहे. घरात सगळे मला गोळी म्हणतात, म्हणून मी बाईमाणसासारखीच बोलते.

माझं रूप तर बघा! उंच, निमुळती, खांदे उतरते. रायफलीत लोण्यासारखी सरकावी अशी घडण. पोटात बंदुकीच्या दारूच्या शेवयांसारख्या काड्या आणि बुडाशी पितळेचा कंबरपट्टा! नावडे गावच्या गोटीराम शिकाऱ्यानं लायसनच्या रायफलीसाठी मला घेतलं. शिकारीवर बंदी आली, रायफल सरकारजमा झाली, मी डब्यातच राहिले. गोटीराम गेल्यावर त्याची सून शेवंताबाई दर खंडेनवमीला मला चिंचेनं घासायची आणि कोयता, विळा, मुलाचा लॅपटॉप यांच्या रांगेत पाटावर मांडायची. समोर निरांजन. सोसायटीत एवढा मान कुणाला होता, सांगा!

यंदाच्या खंडेनवमीला तिच्या मुलाचा, रूपेशचा, फौजी मित्र मानसिंग नव्या चालीचं काडतूस दाखवायला आला. बुटकं, जाडं, खांदे ताठ. दारू काढून कुशीला भोक पाडलेलं. कंबरपट्टा नाहीच!

"मावशी, जोर दोघींचा सारखाच," तो म्हणाला. "पण ही आखूड, म्हणून रायफलही आखूड नि हलकी. हिच्या टोकाची गोळी सबंध तांब्याची, हाडावर फुटत नाही."

"लुगडं आखूड केलं म्हनून कुनी रानी होत नाय," शेवंताबाई म्हणाली. मी फुलून गेले!

"तुमच्या हिची दारू काढलीय ना?" मानसिंगनं विचारलं.

"काढायची कशाला? सासऱ्याच्या काळची, कवाच मेली."

मानसिंगनं आधी माझ्यासमोरचं निरांजन उचलून लांब ठेवलं. "मावशी, कोरडी दारू अशी मरत नाही! आणि लायसनशिवाय ही घरात ठेवणं गुन्हा आहे."



"आये, टेन्शन नको," रूपेश म्हणाला. "खाडीत टाकून येतो."

"आनि भरतीनं वर आली, कुनाच्या लेकराला घावली म्हंजी? पोलिसांना बोलव."

"घरी पोलीस? सोसायटी काय बोलंल?"

"बोलू दे. शेवंताच्या घरातून काय चोरून जात नाय."

पोलीस पेटी घेऊन आले. हवालदार माझं हळदकुंकू पुसू लागला.

"र्‍हाऊ दे," ती म्हणाली. "मानाची हाय ती. हळू ने." आवाज कडकच होता, पण पदर डोळ्याला गेला.

मित्रांनो, तुमच्या घरात माझी एखादी बहीण सापडली, तर तिला हात लावू नका, घासू नका, फेकू तर नकाच. मोठ्यांना सांगा, ते पोलिसांना बोलावतील. आम्ही मानाच्या आहोत. आमची पाठवणी पुढच्या दारानंच करा.