इंजिनाचा कुम

शुक्रवारी सकाळी डेअरीच्या चढावर वेलिमिरच्या गाडीनं जीव सोडला. मागं अकरा घरांच्या दुधाचे कॅन, पुढं काळा धूर आणि मधे आम्ही दोघं. गावातून दूध नेणारी गाडी ती एकच. चालत जाऊन डेअरी गाठली, तर खिडकीतल्या बाईनं मान वर न करताच सांगितलं, "सोमवारी सातला दूध नाही आलं तर गावाचं नाव कटलं." त्या अकरा घरांत माझंही घर आहे.

शनिवारी ट्रॅक्टर काढला आणि मोरावा नदीकाठच्या स्रेतेनकडं निघालो. हा माणूस मोडीतल्या गाड्यांची इंजिनं विकतो. सोबत तिहोमिर तात्या होते. तात्यांनी जन्मभर बाजारात गायी पारखल्या. इंजिनातलं त्यांना ओ का ठो कळत नाही, पण विकणाऱ्याचा चेहरा कळतो.

वाटेत तात्यांनी दहा वेळा बजावलं. "वेल्या, आधी बगायचं, मग प्यायचं. ध्यानात ऱ्हाईल न्हवं?"

"व्हय तात्या. ल्हान हाय का मी?"

आमच्याकडं रीतच तशी आहे. ज्याची रकिया, म्हणजे घरच्या भट्टीची फळांची दारू, घशाखाली गेली, त्याच्या अंगणात त्याच्या मालावर शंका घ्यायची नाही. घेतली तर त्याच्या घराचा अपमान, आणि तो अपमान पोरांच्या लग्नापर्यंत आठवणीत राहतो. स्रेतेनला हे चांगलं ठाऊक होतं. फाटकातच तो थाळी घेऊन उभा राहिला, तीन ग्लास काठोकाठ. "थंडीचं आलायसा, घ्या!" वेलिमिर अजून ट्रॅक्टरवरच होता. एक पाय खाली टेकला आणि ग्लास रिकामा झाला.

तात्यांनी डोळे मिटले. मग त्यांनीही घेतली, मीही घेतली, कारण बुडालोच होतो.

इंजिन जुन्या टायरवर ठेवलं होतं, धुऊन पुसून, नवरीसारखं. "हे बगा," स्रेतेन म्हणाला. "मास्तरणीच्या गाडीचं. बाई फकस्त चर्चला जायची."

आता बघायचं कसं? वेलिमिरनं टोपी पाडली. उचलायला वाकला आणि इंजिनाचं पोट खालून न्याहाळून आला. मग माझी टोपी पडली. परत त्याची पडली.

"टोप्या डोस्क्यावर ऱ्हात न्हाईत व्हय तुमच्या?" स्रेतेननं विचारलं.

"वारं लई हाय," मी म्हणालो. समोर धुराड्यातला धूर सरळ वर चालला होता.

वेलिमिर दमल्यासारखा पुलीवर रेलला आणि सगळा जोर लावून ती फिरवू लागला. पुली तसूभर हलली नाही, म्हणजे इंजिन आतून जाम. त्याचा चेहरा लालबुंद झाला.

"काय व्हतंय रं?" स्रेतेननं हटकलं.

"काय न्हाय दादा. जरा टेकलोय."

तात्यांची तऱ्हा निराळी. त्यांनी इंजिनाच्या पाठीवर थाप मारली, कान लावला, नाक लावलं. "हात गारठल्यात," असं म्हणत तेलाच्या झाकणावर तळवा ठेवला आणि बोलता बोलता झाकण फिरवून काढलं. आतल्या बाजूला पांढरी दाट साय जमली होती. दुधात जन्म गेलेल्या तिघांना ती साय कसली ते सांगायची गरज नव्हती. तेलात पाणी शिरलं होतं, म्हणजे इंजिनाचं हेड फुटलेलं. ह्यावर डेअरीच काय, स्रेतेनचं फाटकसुद्धा गाठता आलं नसतं.

तात्यांनी झाकण मुकाट्यानं परत लावलं. तोंड उघडता येत नव्हतं, इंजिन घेता येत नव्हतं आणि सोमवार काही थांबणार नव्हता.

"मग? बांदायचं का ट्रॅक्टरला?" स्रेतेननं दोर हातात घेतला.

"बांदू की," तात्या म्हणाले. "आदी अजून एकेक वत."

त्यानं खुशीनं ओतली. तात्या पुढं सरले, टोपी काढून छातीशी धरली. "स्रेतेन, अकरा घरांचं दूध ह्येच्या जिवावर चालणार. म्हंजे ह्यो आमच्या समद्या गावाचा ल्योक. त्येचा बाप्तिस्मा करायचा हाय आन् तू त्येचा कुम व्हायचंस."

स्रेतेनचा ग्लास हवेत राहिला. "इंजिनाचा कुम?"

"व्हय. आता हितंच. पुलीवर हात ठेव आन् म्हन, ह्येच्या जल्माचा भार माझ्यावर."

कुम म्हणजे बाप्तिस्म्याला लेकरू हातात धरणारा, रक्ताच्या भावाहून जवळचा. कुमपण मागितलं की नाही म्हणायची सोय नसते. आणि कुमानं दगा दिला तर त्याच्या घरात बरकत राहत नाही, असं आम्ही सगळेच मानतो. स्रेतेन मागं सरला. इंजिनाकडं बघितलं, आभाळाकडं बघितलं, छातीवर क्रूसाची खूण केली.

"तात्या, ह्येच्यावर नगं," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"का रं? मास्तरणीचं हाय न्हवं?"

"पोरगं जरा अशक्त हाय." तो तरातरा गोठ्यामागं गेला. तिथं त्याची लाकडं कापायची करवत गाडीच्या एका इंजिनावर चालायची. इंजिन कोमट होतं, वर कोंबडी बसली होती. कोंबडी उडवून त्यानं ते सुरू केलं. असं गुरगुरलं की वेलिमिर टोपी न पाडताच खाली बसला. स्रेतेननं त्यावर हात ठेवला, डोळ्यांत पाणी आणून कुमपण घेतलं आणि तात्यांनी इंजिनावर थोडी रकिया शिंपडून त्याचं नाव मिलुतिन ठेवलं.

सोमवारी पावणेसातला दूध डेअरीत होतं. खिडकीतल्या बाईनं मान वर केली, एवढंच काय ते कौतुक.

पण कुम झाला की सोयरीक आली. स्रेतेनची करवत बिनइंजिनाची पडली आणि त्याला रकियाच्या भट्टीला सरपण तर लागतंच. तेव्हापासून दर रविवारी मी आणि वेलिमिर त्याच्या अंगणात दोन्ही टोकांना धरून हातकरवत ओढतो. कुमाला नाही म्हणता येत नाही. स्रेतेन आधी वेलिमिरच्या गाडीचं बॉनेट उघडून "कसा हाय माझा मिलुतिन?" विचारतो आणि मग आम्हाला लाकडं दाखवतो.

परवाच्या रविवारी एक अनोळखी माणूस आला. फाटकातच त्याला रकिया मिळाली आणि त्यानं ती पिऊन टाकली. मास्तरणीचं इंजिन तसंच टायरवर होतं, पुन्हा पुसलेलं. त्या माणसानं आशेनं आमच्याकडं पाहिलं. कुमाचे सोयरे आम्ही, काय बोलणार? खाली मान घालून करवत ओढत राहिलो.

थोड्या वेळानं वेलिमिर हळूच म्हणाला, "टोपी पडली बग त्येची."

"कितव्यांदा?"

"दुसऱ्यांदा."

मी करवत थांबवली, कपाळ पुसलं आणि मोठ्यानं म्हणालो, "आज वारं लई हाय, न्हाय का?"