पायी चालणाऱ्या सायकली

नव्या सिमेंट रस्त्याच्या मधोमध गुडघ्याएवढा डिव्हायडर उभा राहिला. एकच फट शिल्लक होती, नेमकी खतीजाबीच्या सायकल दुकानासमोर, आणि तीही बुजवायला सकाळीच वाळू-खडी येऊन पडली होती. फट बुजली की पल्याडच्या बाजारात जायला सायकलवाल्यांना पार बसस्टँडवरून वळसा. मग इकडं हवा भरायला तरी कोण थांबणार? नवऱ्यामागं बावीस वर्षं एकटीनं चालवलेलं दुकान. ती गप बसणार होती होय?

इंजिनिअर रविराज नकाशाची सुरळी काखेत मारून आला, तशी ती पंप टाकून आडवी आली.

"सायेब, वाट कावून बुजवता?"

"चाची, रीतसर मोजणी झालीय. मंगळवारी, बाजारच्या दिवशी, आमचा माणूस इथं दिवसभर बसला होता. सायकलस्वार निघाले अकरा."

"अकरा? अकरा तर मंगळवारी माझ्या दारात पंक्चर होऊन पडलेल्या असत्यात! कुठं बसलता तुमचा माणूस? रसवंतीत?"

रविराजनं वही पुढं केली. खतीजाबीला आकड्यापलीकडं फारसं वाचता येत नव्हतं, म्हणून लेकानं, अल्ताफनं, वाचून दाखवलं. सायकलस्वार अकरा, पादचारी नऊशे चाळीस.

तेवढ्यात आसाराम केळीवाला सायकल ढकलत आला. कॅरिअरला दोन्ही अंगांनी क्रेट, दांड्यावर पोतं, सीटवर केळीचा घड.

"ह्यो कोण, सायेब?"

"पादचारी."

"आन् हातात काय हाय त्याच्या? बकरी?"

अल्ताफ फिसकन हसला. रविराज मात्र गंभीर. "सीटवर बसलेला असला तरच सायकलस्वार धरतो आम्ही."

"अरे बाबा, या बाजारात सीटवर माल बसतो. माणूस संगं चालतो!" खतीजाबीनं कपाळावर हात मारला. मग एकदम गोड झाली. ती गोड झाली की अल्ताफ चार पावलं मागं सरकायचा. "बरं, पादचारी तर पादचारी. पायी माणसाला डिव्हायडर काय, टांग टाकली की झालं. आसाराम, दे सायकल सायबांच्या हातात. दाखवू द्या ओलांडून."

चार माणसं बघत होती, मागं सरावं कसं? रविराजनं पुढचं चाक उचलून डिव्हायडरवर टेकवलं. एक पाय अल्याड, एक पल्याड. आणि क्रेटांनी मागनं असा हिसका दिला की सायकल पुढंही जाईना, मागंही येईना. एसटी येऊन भोंगा वाजवत राहिली. घड निसटून साहेबांच्या खांद्यावर आला.

"धरा, चाची, धरा!"

"मी कावून धरू? तुमी पादचारी हाय. चला की!"

"राहू दे ती वाट! नाही बुजवत!"

तेव्हा कुठं तिनं कॅरिअरला हात घातला.

फट किती रुंद ठेवायची ते बघायला रविराजनं घाम पुसून टेप काढला आणि सायकलच्या मुठीपासून मुठीपर्यंत माप धरलं.

"क्रेट काय डोक्यावर न्यायचे?" खतीजाबी म्हणाली. "मालासकट मोजा."

त्यानं मालासकट मोजलं. मग मोजणी नव्यानं करायची म्हणून वहीत एक रकाना आखला, पण वर काय लिहावं ते सुचेना. खतीजाबीनं पेन ओढून घेतला. दोन गोल काढले, आणि त्यांच्या शेजारी एक उभी रेघ.

"ह्यो माणूस," ती म्हणाली. "आता मोजा."