नलिनी जेवायला लागली

“मग उद्या देवऋषीलाही बोलवा सिस्टर, लिंबं मी आणतो!” डॉक्टर नंदकिशोर भर राउंडमध्ये म्हणाले आणि मागची शिकाऊ पोरं खो खो हसली.

मालन सिस्टरच्या अंगाचा तिळपापड झाला. असं मागितलं तरी काय होतं तिने? कॅन्सरच्या औषधाची सलाईन लागली की वॉर्डातली नलिनी आतडी तोंडात येईपर्यंत ओकायची. पुढचा डोस घेणारच नाही म्हणून हटून बसली होती. मुलुंडला एक ॲक्युपंक्चरचे डॉक्टर होते; गरोदरपणात मालनच्या बहिणीच्या ओकाऱ्या त्यांच्याच सुयांनी थांबल्या होत्या. नलिनीलाही त्यांना दाखवू या, एवढंच ती म्हणाली होती.

“सुयांनी कॅन्सर जातो का?”

“जात नाही, सर. पण बाई डोस तरी घेईल!”

“माझ्या वॉर्डात एक तर ते, नाहीतर मी.”

नलिनीचा नवरा धोंडू दाराशीच उभा होता. मालनने त्याला हळूच मुलुंडचा पत्ता दिला. डोसच्या दिवशी नलिनीची खाट रिकामी राहिली.

मालन डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेली. “सर, दोन्ही चालतं, एवढं एकदा त्यांना सांगा. मी निरोप नेते.”

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. “पोरांसमोर बोललोय मी, सिस्टर. वॉर्ड चालवायचाय मला.”

मग ती एकटीच वाकोल्याला नलिनीच्या घरी गेली.

“डाक्तरच म्हणालो ना, एक तर ता, नायतर मी?” धोंडू म्हणाला. “आमी सुयो धरल्यो.”

“अरे बाबा, सुया फक्त ओकारीसाठी! आजार आत तसाच आहे. मुलुंडच्या डॉक्टरांनी सांगितलं नाही?”

“सांगल्यानी. पण ते बिचारे मोठ्या डाक्तराक भियतत. सुयांनीच बरा वाटता, मगे ती विषाची बाटली कित्याक?”

सुयांनी बरं वाटत होतं की बाटली सुटली म्हणून, देव जाणे! मालनने समजावलं, हात जोडले, शेवटी चिडून ओरडलीसुद्धा. धोंडू हसत राहिला. बायको जेवतेय, याहून मोठा पुरावा त्याला नको होता.

नलिनीने पाट मांडला. गालांवर चक्क तुकतुकी आली होती. तिला असं पाहून मालनला आनंद झाला, आणि त्या आनंदाचीच भीती वाटली.

“बसा सिस्टर. आज मी दोनदा भात घेतलंय!” नलिनीने तिच्या ताटात बांगड्याचं तिखलं वाढलं. “खावा. तुमचेच उपकार हत.”

मालनने मान खाली घालून घास उचलला.